पेनितितोच्या उजव्या हाताची जागा

४ ऑगस्ट

मृत्युपत्र करायचं ठरवलं. मालियाच्या दफनाहून परत येतानाच ठरवलं. मालिया टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या हाताखाली होती. माझ्यानंतर नोकरीला लागली, माझ्यानंतर निवृत्त झाली आणि माझ्याआधी गेली. रांग पाळायची तिला सवयच नव्हती. तिची शवपेटी अजून पडवीत होती आणि तिचे भाऊ आत फ्रीजवरून भांडत होते. एकाला तो तेव्हाच्या तेव्हा ट्रकमध्ये चढवायचा होता, म्हणून त्यातली मासळी काढून पाहुण्यांसमोर बाकावर मांडून ठेवली. मी म्हटलं, "अरे, आधी बहिणीला तरी न्या, मग फ्रीज न्या." कुणी हसलं नाही. मीही हसायला सांगितलं नव्हतं.

एकतीस वर्षं मी या बेटावरून ऑकलंडला आणि सिडनीला फोन जोडून दिले. ऐकायचं नाही असा नियम होता, पण कानांना झाकण नसतं. अर्धे फोन मरणाचे असत आणि उरलेले अर्धे मेलेल्या माणसाच्या जमिनीचे. नुसत्या आवाजावरून मला कळायचं कोण खरं रडतंय आणि कोण घसा साफ करतंय.

माझं प्रकरण सोपं आहे. हे घर आणि भोवतीची पाव एकर. कुळाची, म्हणजे घराण्याची सामाईक जमीन कुणालाच लिहून देता येत नाही, पण ही कुळाची नाही. मी आणि माझ्या नवऱ्याने, पेनितितोने, पगारातून विकत घेतली. घरापुढे पेनितितोचं थडगं आहे, निळ्या फरशीचं. त्याच्या उजव्या हाताला माझी जागा. गवंड्याकडून तेव्हाच कठडा बांधून घेतला, फरशीही बसवून घेतली, कारण माझ्यामागे कुणी धड रंग निवडेल यावर माझा भरवसा नाही. सकाळचा कोको मी तिथेच बसून पिते. स्वतःच्या जागेवर बसायला भाडं पडत नाही.

सगळं लुसियाला. एका ओळीचं काम आहे.

७ ऑगस्ट

एका ओळीचं काम नाही.

रात्रीच्या जेवणाला लुसियाला सांगितलं. वाटलं होतं, उठून गळ्यात पडेल. ती ताटातलं निरफणसाची फोड इकडून तिकडे सरकवत राहिली.

"आई, माझ्या नावावर नको करूस. वायोलाच्या कर."

"वायोला नऊ वर्षांची आहे. तिला दिलं तर घर विकून आइस्क्रीम खाईल."

"आजी, मी नाही विकणार," वायोला म्हणाली.

"तू जेव."

"मोठी होईपर्यंत कालोलोमामा बघेल," लुसिया म्हणाली.

कालोलो! माझा धाकटा भाऊ. तीन धटिंगण मुलगे, त्यातल्या एकालाही स्वतःचं छप्पर नाही. मी विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती म्हणाली, "आहे आई. सध्या तेवढंच ठिकाणावर आहे." असलं तिरकं बोलणं कुठून शिकली कोण जाणे.

ऑकलंडहून आल्यापासून तिचं असंच चाललंय. हॉटेलवाल्यांनी तिला तीन आठवडे कसल्याशा प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथून ती निम्मी होऊन परत आली. तिथल्या बायका जेवत नाहीत, मग ही कशाला जेवेल? पिशवीभर गोळ्याही आणल्यात. जीवनसत्त्वं म्हणे. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून समोर ठेवली तर हात लावत नाही, आणि जीवनसत्त्वं डबीतून खाते.

१२ ऑगस्ट

सकाळी दार उघडलं तर अंगणात कालोलो. हातात लोखंडी टेप. पेनितितोच्या डाव्या बाजूला, निरफणसाच्या झाडाखाली उकिडवा बसला होता.

"काय मोजतोयस रे?"

तो दचकला. "काही नाही, ताई. सहज."

"सहज कुणी खिशात टेप घेऊन फिरत नाही. शिंप्याचं काम धरलंस का?"

"मुळं फार वर आलीत ना ग झाडाची."

"माझं झाड आहे. त्याची मुळं त्याने कुठे न्यायची ते त्याचं तो बघेल."

"तुझी तब्येत बरी आहे ना, ताई?"

"उत्तम आहे. निराशा झाली असेल तर सांग, कोको देते."

त्याने कोकोही घेतला नाही. डोळे लाल होते. सकाळी सकाळी घेऊन आला असणार. आमच्यात भावाने बहिणीचा मान राखायचा असतो, तिच्या शब्दाबाहेर जायचं नसतं, ताटातला चांगला तुकडा आधी तिला द्यायचा असतो. कुळाचा प्रमुख झाल्यापासून दहा गावांपुढे याच विषयावर भाषण करतो हा माणूस. आणि बहीण जिवंत असताना तिच्या अंगणाला टेप लावतो.

लुसियाला सांगितलं. ती हसली नाही, चिडली नाही. "जागा कमी पडते का तिथे?" एवढंच विचारलं.

"कशाला?"

"काही नाही. मामा म्हणत होता मुळं आलीत."

म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं आहे.

१९ ऑगस्ट

राजधानीला, आपियाला गेले. वकील म्हणजे इओआने, माझ्याबरोबर कामाला असलेल्या फिलोमेनाचा मुलगा. लहानपणी एक्स्चेंजच्या बाकावर झोपायचा आणि नाक माझ्या झग्याला पुसायचा. आता टाय लावतो.

"आकेनेसेबाई, लुसिया तुमची कोण?"

"गंमत करतोस का? मुलगी."

"दत्तकाचा कोर्टाचा हुकूम आहे?"

मी त्याला सांगितलं: माझी कूस उजवेना आणि कालोलोच्या घरी दोन मुलगे खेळत होते. तिसऱ्या खेपेला मुलगी झाली, तिची नाळही पडली नव्हती, तेव्हा कालोलोच्या बायकोने तिला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी माझ्या आईची बारीक विणीची चटई भावजयीला दिली, आमच्यात याहून मोठं देणं नाही. सगळं गाव बघायला होतं, फादर होते, कापलेलं डुक्कर होतं. अजून कसला हुकूम?

"कायद्याला गाव दिसत नाही, बाई," तो म्हणाला. "कागद नाही, म्हणजे कायद्याने ती तुमची भाची. मृत्युपत्र न करता तुम्ही गेलात तर सगळं रक्ताच्या नात्यात जाईल. भाऊ, मग भावाची मुलं. लुसिया तिच्या तीन भावांबरोबर वाट्याला उभी राहील. आणि वायोला तर कुठेच नसेल."

मग त्याने मसुदा वाचला. 'माझी भाची लुसिया, कालोलो यांची कन्या...'

मी उठून उभी राहिले. सिस्टर डोमिनिकाने मला शाळेत शिकवलं होतं की संतापलेल्या बाईने आवाज खाली आणावा. मी खाली आणला. बाहेरच्या खोलीतली टंकलेखन करणारी मुलगी तरी उठून उभी राहिली.

"ताप आला तेव्हा मी जागले. पहिल्या पाळीला मी कपडा दिला. तिचा नवरा ऑस्ट्रेलियाला फळं तोडायला गेला आणि तिकडेच राहिला, तेव्हा पोटुशी मुलगी मी घरात घेतली. खोड तो शब्द."

"नातं खरं लिहावं लागतं, बाई."

"मग मी काय खोटं सांगतेय?"

शेवटी 'जिला मी लहानपणापासून वाढवलं ती' असं लिहिलं. कोंबडीबद्दलही असंच लिहितात.

२८ ऑगस्ट, रविवार

चर्चमधल्या प्रार्थनेनंतर तापल्या दगडांच्या भट्टीतलं जेवण. कालोलो, त्याची बायको, मुलगे. लुसियाने घासही खाल्ला नाही. कालोलोची बायको तिच्याकडे बघत राहिली आणि एकदम उठून मागच्या दारी भांडी घासायला गेली. त्या बाईने माझ्या घरात आयुष्यात भांडं घासलेलं नाही.

दुपारी लुसियाने कपड्यांचं कपाट उपसलं. निळा झगा चुलत बहिणीला, नाताळातला पांढरा शेजारच्या तेउइलाला. नवे सँडल्ससुद्धा.

आता माझ्या लक्षात आलं. बाई कायमची ऑकलंडला निघाली. तिकडे कुणीतरी भेटला असणार. म्हणून बारीक व्हायचं, म्हणून वायोलाला केस विंचरायला शिकवायचं, भात टाकायला शिकवायचं. मुलगी माझ्याकडे ठेवून जाणार, जशी सगळी जातात. म्हणून घर नको. मी हे फोन हजार वेळा जोडलेत: आई, थोडे दिवस सांभाळ, मग बोलावून घेते.

तोंडावर विचारलं. "कधी निघालीस?"

ती घडी घालत होती. तिचे हात थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला डोळे आहेत. तिकडे भाड्याच्या खुराड्यात राहशील, दुसऱ्यांची म्हातारी माणसं पुसशील, आणि इथे ही पोर दारात उभी राहून वाट बघेल."

तिने हातातला झगा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "हो. तिने फार वाट बघू नये असं काहीतरी करायला हवं." आणि पुन्हा घडी घालायला लागली. अशी थंड मुलगी मी वाढवली.

६ सप्टेंबर

लुसियाला घेऊन इओआनेकडे. मसुदा पुन्हा वाचला. मग त्याने चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "आणि लाभधारक तुमच्याआधी वारली तर?"

"काय म्हणालास?"

"विचारावं लागतं, बाई. सगळ्यांना विचारतो."

"फिलोमेनाने तुला हे शिकवलं? माझी मुलगी समोर बसलीय, अडतीस वर्षांची, आणि तू तिच्या मरणाची चौकशी करतोस? माझं वय एकाहत्तर आहे. मी आधी जाणार. त्यासाठीच तर ही महागडी फी भरतेय!"

"लिही," लुसिया त्याला म्हणाली. "तसं झालं तर सगळं वायोलाला. तिची काळजी आणि घराची व्यवस्था कालोलोकडे. मुलगी आईच्या नावाने याच घरात वाढेल, असं लिही."

"लिहू नकोस," मी म्हटलं.

"आई, एक ओळ आहे."

इओआने माझ्याकडे बघेना. तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, लहानपणी व्हायचा तसा. मी दोघांना तिथेच सोडून बसस्टॉपवर आले. लुसिया मागून आली. एवढ्याशा रस्त्यात दोनदा भिंतीला टेकून उभी राहिली. मला ताटकळत ठेवायची ही पद्धत मला ठाऊक आहे. मी वळून बघितलं नाही.

१५ सप्टेंबर

सही करायला गेले नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी वाट बघावी.

पेनितितो गेला तेव्हा मी वर्षभर कशावरच सही केली नव्हती. पाकिटं फोडलीच नाहीत. विजेचं कनेक्शन तोडून गेले तरी अंधारात बसून राहिले. लुसियाने येऊन सगळं निस्तरलं. तेव्हा ती कशी होती! मोटारीच्या टपावर चढून तारा जोडणाऱ्याला शिव्या घालत होती. आता दुपारी चारला हॉटेलातून येते आणि चटईवर पडून राहते.

२१ सप्टेंबर

आज हद्द झाली. लुसिया म्हणाली, "तू सही करत नाहीस ना, मग मी आणि वायोला मामाकडे राहायला जातो. नाहीतरी ते माझं खरं घर आहे."

खरं घर.

मी तिच्या अंगावर ओरडले नाही. मी सिस्टर डोमिनिकाचा खालचा आवाजही काढला नाही. माझा आवाजच निघाला नाही. मी बाहेर माझ्या जागेवर जाऊन बसले. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला, लोक घरात गेले, मी बसून राहिले.

उद्या पहिल्या बसने जाते. सही करून तो कागद तिच्या तोंडावर फेकते. बघू दे तिला खरं घर कुठलं ते.

२२ सप्टेंबर

केली सही. इओआनेच्या टंकलेखन करणाऱ्या मुलीने आणि शेजारच्या औषधवाल्याने साक्ष घातली. ती ओळही राहू दिली. माझ्या रागाला तेवढ्यात ओळ खोडायला उसंत नव्हती.

घरी येऊन कागद लुसियापुढे टाकला. "हे घे. मामाच्या घरी भिंतीला चिकटव."

तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकेक शब्द, ओठ हलवत. मग कागद छातीशी धरला आणि म्हणाली, "आई, आता मी जरा झोपते हं."

झोपली ती रात्रीच्या जेवणालाही उठली नाही. मामाकडे काही गेली नाही. नुसत्या धमक्या.

१ ऑक्टोबर

कपडे वाळत घालताना लुसिया पडली. चादर हातात धरून पडली, दोरीसकट.

कालोलो इतक्या लवकर कसा आला कळलं नाही. त्याचा ट्रक जणू कोपऱ्यावरच उभा होता. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीणबाई माझ्याशी हळू बोलत होती, म्हातारीशी बोलतात तसं. "ऑकलंडच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच असेल. आता यकृतातही पसरलंय. दुखणार नाही एवढं आम्ही बघू."

मी म्हटलं, "तुमचा कागद चुकलाय. तिचं ऑकलंडला प्रशिक्षण होतं."

डॉक्टरीणबाईने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मीही वळले. मागे कालोलो उभा होता. हातातली टोपी पिळत होता.

१२ ऑगस्टला त्याचे डोळे लाल होते.

पुढे काही लिहवत नाही.

९ ऑक्टोबर, मुलांचा पांढरा रविवार

घरी आणलं. चर्चला जाता येईना, म्हणून वायोलाने पांढऱ्या झग्यात आपलं पाठ केलेलं आईच्या गादीपुढे म्हणून दाखवलं. मध्ये विसरली. लुसियाने ओठ हलवून पुढचा शब्द दिला. आवाज नव्हता, तरी पोरीने तो ओळखला.

आज मुलांनी आधी जेवायचं असतं आणि मोठ्यांनी वाढायचं. मी लुसियाला वाढलं. तिने कोकोचे दोन चमचे घेतले. मी ताट उचलताना म्हणाली, "साखर कमी आहे." कोण आनंद झाला मला.

१७ ऑक्टोबर

आज विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. कालोलोला, त्याच्या बायकोला, इओआनेला, बहुतेक त्या औषधवाल्यालासुद्धा. मलाच नाही. मी या मुलीची कोण? आता मी तो कायदेशीर प्रश्न विचारला.

ती म्हणाली, "आई, बाबा गेले तेव्हा तू वर्षभर पेन उचललं नाहीस."

"मग?"

"तू रडायला लागलीस की काहीच करत नाहीस. रागावलीस की सगळं करतेस. मला ते कागद व्हायला हवे होते. वायोलासाठी. म्हणून तुला रागावलेली ठेवली."

"आणि ते 'खरं घर'?"

ती हसली. हसताना आता तिचे नुसते दातच दिसतात. "ते सगळ्यात कठीण गेलं. दुसऱ्या कशानेच तू बसमध्ये चढत नव्हतीस."

"फाजील."

"तुझीच."

मग तिने मला टेपचं सांगितलं. तिनेच कालोलोला पाठवलं होतं. तिला या अंगणात राहायचं होतं, पण माझी जागा घ्यायची नव्हती. बाबांच्या डाव्या हाताला मावते का ते बघ, असं सांगितलं होतं. मावत नाही. तिथे निरफणसाची मुळं आहेत.

"मग मामाकडे समुद्राजवळ ठेवा. चालेल मला," म्हणाली.

"तुला चालेल," मी म्हटलं. "तुला कोणी विचारलंय?"

२६ ऑक्टोबर

लुसिया गेली. पहाटे, वायोलाचा हात धरून. मी गरम पाणी आणायला आत गेले होते.

३० ऑक्टोबर

काल तिला ठेवलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी कालोलोच्या कुळातले म्हातारे दोन ट्रक भरून आले. चटया, डुक्कर, सगळं रीतीने. माझ्या ओटीवर बसले. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर, आमचा चुलता, काठीला टेकून बोलायला लागला. मुलगी आमच्या रक्ताची आहे. जिवंत असताना दिली होती, ते ठीकच. पण मेलेलं माणूस आपल्या मातीत परत यायला हवं. आम्ही तिला समुद्राकाठी, तिच्या आजोबांशेजारी न्यायला आलोय.

हे काय मागत होते ते मला समजत होतं आणि त्यांनाही. आमच्याकडे घरापुढे ठेवलेलं माणूस हीच कुटुंबाची खरी नोंद. इओआनेचे कागद काही म्हणोत. लुसिया तिकडे गेली असती तर या बेटावर ती कायमची कालोलोची मुलगी झाली असती, आणि मी तिची आत्या. कोंबडी वाढवणारी आत्या.

बोलायला माझी वाचा उघडेना. एकतीस वर्षं लोकांचे आवाज या टोकाचे त्या टोकाला पोचवले आणि काल माझा मलाच सापडेना. मी शवपेटीची कड धरून बसले होते. एवढंच ठरवलं होतं की हात सोडवायचे असतील तर तोडावे लागतील.

कालोलो उठला. प्रमुख म्हणून निर्णय त्याचाच होता. तो म्हाताऱ्यांच्या बाजूने उठला, आणि चालत येऊन माझ्या बाजूला, माझ्यापेक्षा खाली, जमिनीवर बसला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही तिच्या बापाचा निर्णय विचारताय. तिचा बाप समोर निळ्या फरशीखाली आहे. त्याला विचारा."

चुलत्याने वळून निळ्या फरशीकडे पाहिलं.

"मी ती दिली होती. उसनी दिली नव्हती. तिने मला आयुष्यभर मामा म्हटलं, आणि मी मामा म्हणूनच आलोय. तुमच्या चटया ताईपुढे ठेवा आणि जेवून जा."

त्याचा आवाज फुटला. अशा आवाजाचा फोन मी एक्स्चेंजमध्ये असते तर वेळ संपल्याची घंटा वाजवली नसती.

मग तो मला हळूच म्हणाला, "ताई, झाड तोडू का? मुलगे कुऱ्हाडी घेऊन आलेत. दुपारपर्यंत मुळं निघतील."

"झाडाला हात लावू नकोस," मी म्हटलं. "उजवीकडची फरशी काढ."

"ती तुझी जागा आहे."

"माझी आहे म्हणूनच सांगतेय. भावाने बहिणीचं ऐकायचं असतं की भाषणापुरतंच आहे ते?"

त्या तीन धटिंगणांनी फरशा काढल्या, एकही न फोडता. धाकटा खणताना लहान मुलासारखा हुंदके देत होता. फावडं मात्र थांबवत नव्हता. लुसियाला तिच्या वडिलांच्या उजव्या हाताला ठेवलं. आईची बारीक विणीची चटई कालोलोच्या बायकोने इतकी वर्षं जपली होती. ती आणून तिने लुसियावर पांघरली. मी ती चटई दिली तेव्हा मुलगी घेतली होती. चटई मला परत नको होती.

१२ नोव्हेंबर

इओआने स्वतः घरी आला, टाय न लावता. मृत्युपत्रात तसं काही बदलायला नको, म्हणाला. ती एक ओळ आहेच. सगळं वायोलाला, देखरेख कालोलोची. फक्त माझ्या दफनाचं कलम दुरुस्त करायचं.

"कुठे लिहू, बाई?"

"लुसियाच्या उजवीकडे."

"तिथे तुमच्या घराच्या पायऱ्या आहेत."

"मग त्या तोडायच्या. लोकांनी मागच्या दाराने यावं. नाहीतरी पुढच्या दाराने येणारे फार थोडे मला आवडतात."

कालोलोला बोलावलं. तो टेप घेऊन आला. एक टोक वायोलाने लुसियाच्या कठड्याला लावून धरलं, दुसरं त्याने पायरीपर्यंत नेलं. "ताई, थोडं आखूड पडतंय."

"मीही थोडी आखूड आहे."

शिळाही त्यानेच घडवून आणली. मला न विचारता. मी चष्मा लावून वाचली, काही चुकलं असेल तर गवंड्याला फाडून खाणार होते. 'लुसिया. पेनितितो आणि आकेनेसे यांची मुलगी.' एवढंच. भाची नाही, वाढवलेली नाही. काही चुकलेलं नव्हतं. मी गवंड्याला चहा दिला.

१३ नोव्हेंबर

सकाळी कोको घेऊन सवयीने बाहेर गेले, आणि फरशीपाशी येऊन थांबले. किती वर्षं तिथेच बसत आले. कप हातात, आणि कुठे बसावं कळेना.

वायोला दारात केस विंचरत होती. भांग वाकडा काढला होता. तिच्या आईने शिकवलं तसा नीट यायला अजून वेळ आहे.

"बस ना आजी," ती म्हणाली. "आई काही म्हणणार नाही."

बसले. कोकोत साखर जास्त टाकली होती.